वेळापत्रकाचे गणित



शाळा उघडायला आठ दिवस उरले की मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक मोठा कागद पसरला जातो. वारांचे रकाने, तासांच्या ओळी. हाती पेन्सिल आणि खोडरबर. गणिताच्या गुरुजींना एकाच वेळी सातवीत आणि आठवीत धाडता येत नाही. कवायतीचा तास भर दुपारी ठेवता येत नाही. चित्रकलेचे शिक्षक दुसऱ्या शाळेतून आठवड्यात दोनच दिवस येतात. एक तास हलवला की दुसरा अडतो, दुसरा सोडवला की तिसरा. ज्याने हे काम एकदा केले आहे त्याला त्याची महती सांगायला नको.

आज आपण या कामाचे थोरले रूप पाहणार आहोत. हजारो विद्यार्थी, शेकडो विषय आणि मोजकीच व्याख्यानगृहे असलेल्या विद्यापीठाने हे काम नव्या पद्धतीने कसे करायला घेतले, ते समजावून घेऊ. विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या तालुक्याच्या कॉलेजापर्यंत येऊन पोचला आहे. कसा, ते पुढे सांगतोच.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. शाळेत एक मोठी सोय असते. आठवीचा वर्ग म्हटला की सगळी मुले एकत्र. मराठीला तीच, भूगोलालाही तीच. वर्ग हलतो तो एका गठ्ठ्याने. कॉलेजात तसे नसते. तेथे ज्याचे त्याचे विषय वेगळे. शेजारी बसलेली दोन मुले मराठीला एकत्र असतील, पण पुढच्या तासाला एक इतिहासाला जाईल आणि दुसरा अर्थशास्त्राला. म्हणजे सांभाळायचा असतो तो वर्ग नव्हे, एकेक मुलगा आणि एकेक मुलगी.

आता एक लहानसे उदाहरण घेऊ. शिक्षकांनी हवे तर पाटीवर मांडून पाहावे. समजा, एका कॉलेजात सहा पेपरांची परीक्षा घ्यायची आहे : मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, गणित आणि भूगोल. प्रत्येक पेपराचे एक वर्तुळ काढा. ज्या दोन विषयांना एक जरी समाईक विद्यार्थी असेल, त्या दोन वर्तुळांमध्ये रेघ ओढा. आपल्या कॉलेजात समजा अशा सहा रेघा निघाल्या : मराठी–इतिहास, मराठी–अर्थशास्त्र, इतिहास–राज्यशास्त्र, अर्थशास्त्र–गणित, गणित–भूगोल आणि अर्थशास्त्र–भूगोल. रेघेने जोडलेले पेपर एका वेळी ठेवायचे नाहीत, एवढाच नियम.

सहा पेपरांना सहा वेळा लागतील का? नाही. अर्थशास्त्र, गणित आणि भूगोल ही तिन्ही वर्तुळे एकमेकांशी जोडलेली आहेत; म्हणून तीन सत्रे तर हवीतच. पण तीन पुरतातही. पहिल्या सत्रात अर्थशास्त्र आणि इतिहास, दुसऱ्यात गणित आणि मराठी, तिसऱ्यात भूगोल आणि राज्यशास्त्र. तपासून पाहा, कुठेही टक्कर होत नाही. दीड दिवसात परीक्षा संपली.

इतक्यात एक मुलगी येते आणि म्हणते, "सर, मी मराठीबरोबर गणित घेतलंय." एकच मुलगी, पण मराठी आणि गणित यांच्यामध्ये नवी रेघ पडली. हरकत नाही, मराठी तिसऱ्या सत्रात न्यायचे आणि राज्यशास्त्र दुसऱ्यात आणायचे. जमले. मात्र एका मुलीसाठी दोन पेपर हलले, हे लक्षात ठेवा. मग दुसऱ्या दिवशी एक मुलगा येतो. त्याने मराठीबरोबर भूगोल घेतला आहे. आता काय? मराठीची रेघ अर्थशास्त्राशी आहे, गणिताशी आहे आणि भूगोलाशीही आहे. हे चार पेपर एकमेकांत असे गुंतले की तीन सत्रांत ते बसणे शक्यच नाही. चौथे सत्र घ्यावे लागेल, नाहीतर त्या मुलाला सांगावे लागेल की, "बाबा रे, तुझा विषय बदल." वेळापत्रक हे नुसते कारकुनी काम नाही असे जे म्हणतात, ते यासाठी. त्या कागदावरची एखादी चौकट कुणाचा तरी विषय सोडवते, आणि कुणाचे तरी वर्ष वाचवते.

गणिताच्या लोकांना हे कोडे नवे नाही. नकाशे रंगवण्याच्या कोड्याचाच हा भाऊ आहे. फ्रान्सिस गथ्री नावाच्या तरुणाला १८५२ साली इंग्लंडमधील परगण्यांचा नकाशा रंगवताना प्रश्न पडला, की शेजारच्या दोन परगण्यांना एकच रंग येऊ द्यायचा नाही, तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतील काय? हा प्रश्न ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडे गेला. हे डी मॉर्गन १८०६ साली आपल्या देशात, मदुरेला जन्मले होते. चार रंग पुरतात हे सिद्ध व्हायला १९७६ साल उजाडले, आणि तेही संगणकाची मदत घेऊन. आता रंगाच्या जागी सत्र म्हणा आणि परगण्याच्या जागी पेपर म्हणा. आपले वेळापत्रक तयार. फरक इतकाच की पेपरांना चारच सत्रे पुरतील असा काही नेम नाही. वेल्श आणि पॉवेल या दोघांनी १९६७ साली यावर एक सोपी रीत मांडली : ज्या वर्तुळाला सर्वांत जास्त रेघा, ते आधी बसवा, मोकळे विषय मागाहून कुठेही बसतात. आपल्या आयाबाया डब्यात लाडू भरताना मोठे आधी ठेवतात आणि लहान फटीत बसवतात, तसेच हे.

मग कुणी म्हणेल, यंत्र आहे ना, सगळ्या मांडण्या तपासू द्या आणि उत्तम ती घ्या. हिशेब करून पाहू. सहा पेपर आणि तीन सत्रे, तर मांडण्या ७२९. त्या तपासता येतील. पण वीस पेपर आणि दहा सत्रे घेतली, की मांडण्यांची संख्या होते एकावर वीस शून्ये. एखाद्या यंत्राने सेकंदाला दहा लाख मांडण्या तपासल्या, तरी सगळ्या तपासून होण्यास तीस लाख वर्षांहून अधिक काळ लागेल! म्हणजे नुसत्या वेगाने हे काम होत नाही. शोधायचे कसे, याचीही अक्कल लागते.

आता त्या विद्यापीठाकडे वळू. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, वाबाश नदीच्या काठी, वेस्ट लाफायेट गावी पर्ड्यू विद्यापीठ आहे. भोवती मका आणि सोयाबीनची शेते. हे विद्यापीठ १८६९ साली स्थापन झाले. शेतीचे आणि यंत्रविद्येचे शिक्षण सामान्य घरच्या मुलांना मिळावे म्हणून १८६२च्या कायद्याने सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या योजनेतून ते उभे राहिले. आपल्याकडची कृषी विद्यापीठे स्वातंत्र्यानंतर याच धर्तीवर निघाली, तेव्हा हे नाते अगदीच परके नाही. आज पर्ड्यूत चाळीस हजारांहून कितीतरी अधिक विद्यार्थी शिकतात.

अशा ठिकाणी वेळापत्रक कसे होत असेल? सर्वसाधारण रीत अशी की मागच्या वर्षीचा कागद घ्यायचा, चार ठिकाणी खोडायचे आणि पुढे चालू. प्रत्येक विभाग आपापल्या खोल्यांपुरते पाहतो. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळा सर्वांनाच हव्या असतात. परिणाम काय? भर दुपारी खोली मिळत नाही आणि सकाळी साडेसातला खोल्या ओस पडलेल्या असतात. दोन विभागांनी एकमेकांना न विचारता आपले महत्त्वाचे तास एकाच वेळी ठेवले, तर दोन्ही विषय घेणारा विद्यार्थी मधल्या मधे लटकतो. विभागांना त्याचा पत्ताही नसतो. कारण त्यांच्या कागदावर तो विद्यार्थी नसतोच, असतो तो फक्त तास.

या शतकाच्या पहिल्या दशकात पर्ड्यूने संगणकाची नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली. पुढे तिला 'युनिटाइम' असे नाव मिळाले. तिच्यातील शोधाची रीत टोमाश म्युलर या चेक संशोधकाने बसवली. २००७च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेत तीन विभाग होते. त्यांपैकी दोन त्यांनी जिंकले. ही व्यवस्था कुणालाही विनामूल्य वापरण्यास खुली आहे, आणि चेक देशातील ब्रनो, तसेच पाकिस्तानातील लाहोर येथील विद्यापीठांपर्यंत ती गेली आहे.

ती चालते कशी? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, विद्यार्थ्यापासून सुरुवात. येत्या सहामाहीत कोण कोणते विषय घेईल याचा अंदाज मागच्या तशाच सहामाहीवरून बांधतात. अमुक विषय घेणारी मुले बहुधा तमुक विषयही घेतात, हे जुन्या नोंदींतून कळते. त्यावरून आपण मघाशी ओढल्या तशा रेघा यंत्र ओढते. प्रत्येक रेघेवर मुलांची संख्याही लिहिते, म्हणजे दोनशे मुलांची टक्कर आणि दोघांची टक्कर यांत फरक करता येतो.

दुसरी गोष्ट, अटी दोन प्रकारच्या. काही अटी मोडताच येत नाहीत : एका खोलीत एका वेळी एकच वर्ग, एक शिक्षक एकाच ठिकाणी, ऐंशी मुले साठ जागांच्या खोलीत नाहीत. काही अटी मात्र इच्छेच्या असतात. त्यांच्यासाठी सात पायऱ्या ठेवल्या आहेत : ही वेळ हवीच, फार बरी, बरी, कशीही चालेल, नसली तर बरे, शक्यतो नकोच, आणि मुळीच नाही. पहिली आणि शेवटची पायरी यंत्र पाळतेच. मधल्या पाच पायऱ्यांचा ते हिशेब ठेवते आणि जास्तीत जास्त लोकांचे समाधान पाहते. इथे एक गोम आहे, बरं का. प्रत्येकाने "मुळीच नाही" अशा खुणा भराभर केल्या, तर यंत्राला हात हलवायला जागाच उरत नाही आणि वेळापत्रक बसत नाही. म्हणून नवी व्यवस्था आणताना शिक्षकांना नुसते यंत्र दाखवून भागत नाही. आपली खरी अडचण कोणती आणि नुसती सवय कोणती, हे ज्याचे त्याला निवडावे लागते.

तिसरी गोष्ट, शोधण्याची रीत. जत्रेच्या माळावर गाड्या सोडताना आपण काय करतो? एक गाडी आत घ्यायची तर मधली एक बाहेर काढावी लागते, मग बाहेर काढलेलीला दुसरी जागा पाहावी लागते. यंत्र तेच करते. रिकाम्या कागदापासून आरंभ करून एक तास बसवते. तो बसताना दुसऱ्याशी टक्कर झाली तर दुसऱ्याला उचलून बाजूला ठेवते आणि मागाहून त्याची सोय लावते. पण यात एक धोका आहे : याला काढ, त्याला बसव, त्याला काढ, याला बसव, असे चक्र सुरू राहील. म्हणून कोणी कोणाला किती वेळा उठवले याची नोंद यंत्र ठेवते आणि त्याच त्या चुकीच्या वाटेने पुन्हा जाणे टाळते. शहाणा माणूसही असेच करतो, नाही का?

शिवाय सगळे ओझे एकदम उचलत नाहीत. मोठी व्याख्यानगृहे थोडी आणि सर्वांच्या मालकीची. त्यांचे वेळापत्रक आधी लागते. मग विभागांच्या लहान खोल्या, मग प्रयोगशाळा. तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार असे पन्नास मिनिटांचे तीन तास किंवा मंगळवार, गुरुवार असे पंचाहत्तर मिनिटांचे दोन तास अशी घडी आहे. दोन्हींची बेरीज आठवड्याला दीडशे मिनिटेच. दोन तासांमध्ये सामान्यतः दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यात एका इमारतीतून दुसरीत पायी पोचता येईल का, हेही यंत्र मोजते. दोन तास घड्याळात आदळत नसले तरी पायांत आदळू शकतात, हे पूर्वीच्या कागदावर दिसत नसे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेवटचा शब्द माणसाचा. प्रत्येक विभागात या कामावर एक माणूस नेमलेला असतो. यंत्राने मांडलेले वेळापत्रक तो पाहतो. एखादा तास हलवावा असे त्याला वाटले तर यंत्र त्याला दोन-चार पर्याय दाखवते, आणि प्रत्येकाची किंमतही सांगते : हा तास अकराला नेलात तर इतक्या मुलांची अडचण होईल, इतक्या शिक्षकांची इच्छा मोडेल. माणूस मग जाणूनबुजून निवडतो. एकदा वेळापत्रक जाहीर झाले, की त्यानंतरचा बदल जितका थोडा तितका चांगला, हेही सूत्र पाळले जाते. एक शिक्षक आजारी पडले म्हणून अख्ख्या विद्यापीठाची घडी उसकटायची नसते.

परीक्षेचा हिशेब थोडा निराळा. तासांची टक्कर होत नसली म्हणजे काम भागले असे तेथे नाही. सकाळी एक पेपर, दुपारी दुसरा, संध्याकाळी तिसरा. टक्कर एकही नाही, पण पोराचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून पर्ड्यूचे यंत्र तीन गोष्टी मोजते : एकाच वेळी आलेले पेपर, एका दिवसात दोनांहून अधिक आलेले पेपर, आणि पाठोपाठ आलेले पेपर. एका दिवशी दोनांपेक्षा जास्त परीक्षा आल्या तर त्यांतील एक बदलून मागण्याचा हक्क तेथील विद्यार्थ्याला आहे. कार्टर, लापोर्ट आणि ली या संशोधकांनी १९९६ साली दंडाचे एक कोष्टकही मांडले. एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या सत्रांत आले तर १६ गुण दंड, एक सत्र मधे सोडून आले तर ८, मग ४, मग २, मग १. सर्व विद्यार्थ्यांच्या दंडाची बेरीज जितकी कमी, तितके वेळापत्रक चांगले. वेळापत्रक चांगले की वाईट हे आवाज कुणाचा मोठा यावर न ठरता असे मोजून ठरते, हा त्याचा लाभ.

आता आपल्याकडे या. आपली विद्यापीठे पर्ड्यूसारखी एका आवारात बसलेली नाहीत. एका विद्यापीठाला अनेक तालुक्यांतली कॉलेजे जोडलेली असतात. परीक्षेची तारीख ठरते एका ठिकाणी आणि तिची झळ पोचते दूरच्या वाडीवर. त्यात २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि इतर शाखांतले विषय घेण्याची मोकळीक दिली. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे २०२४–२५ पासून सुरू झाले. मोकळीक चांगली आहे. पण मघाची पाटी आठवा. जितकी मोकळीक जास्त, तितक्या रेघा जास्त. जुन्या कागदावर चार ठिकाणी खोडून आता भागणार नाही. माहितीपत्रकात इतिहासाबरोबर संगणक घेता येतो असे छापले आणि दोन्ही तास एकाच वेळी ठेवले, तर ती निवड कागदावरच राहिली. शहरातली मुलगी फार तर दुसऱ्या कॉलेजात जाईल. तालुक्याला एकच कॉलेज असलेल्या मुलीने कुठे जावे?

यंत्र आणायला पैसा लागेल, माणसे शिकवावी लागतील, हे खरे. पण यंत्राला जी माहिती द्यावी लागते ती गोळा करायला यंत्र लागत नाही. कोणत्या खोलीत खरोखर किती बाके आहेत? कोणती मुले कोणते विषय एकत्र घेतात? कोणाची एस.टी. किती वाजता येते आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते? ही माहिती चुकीची असेल तर जगातले उत्तम यंत्रही चुकीचेच वेळापत्रक देईल. आणि ती बिनचूक असेल तर वही-पेन्सिलीवरही पुष्कळ साधते.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, पुढच्या जूनमध्ये तो मोठा कागद पसरण्याआधी एवढे करून पाहा. पहिले, विषयांची वर्तुळे काढून रेघा ओढा आणि रेघांवर मुलांची संख्या लिहा. दुसरे, मोडता न येणाऱ्या अटी एका बाजूला आणि इच्छा दुसऱ्या बाजूला मांडा. तिसरे, सर्वांत अडलेला विषय आधी बसवा. चौथे, शेवटच्या गाडीने जाणाऱ्या मुलांचा एक वेगळा रकाना ठेवा आणि प्रयोगाचा तास त्या गाडीनंतर जाणार नाही असे पाहा. आणि पालकांनो, मुलाचा तास चुकतो, पेपर आदळतो असे कळले तर "त्याचं नशीब" म्हणून गप्प बसू नका. वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी कॉलेजात जाऊन सांगा. तास हलवायचा तो तेव्हाच सोपा असतो. एकदा कागद भिंतीवर लागला, की एका तासामागे दहा तास हलवावे लागतात.